बावीसशे सतरा नंबरची हीट

“एकदा लिहिलं की लिहिलं,” सॉफ्टवेअर दाखवायला आलेले फाटक म्हणाले. “चुकलं असेल तर दुरुस्तीची वेगळी नोंद करायची. पहिली नोंद जागची हलत नाही. कुणी केली, कधी केली, सगळं दिसत राहतं.”

“आणि काढून टाकायची असली तर?” शशांक इंगवलेनं विचारलं.

“नाही काढता येत.”

“मलाही?”

“कुणालाच नाही. मालकांनाही नाही.” फाटक हसले. दुकानदार सगळ्यात चांगली साडी शेवटी उलगडतो, तसं त्यांनी हे शेवटाला ठेवलं होतं.

शशांकनं खुर्ची मागं ढकलली. “मग आम्हाला नको हे. आत्ता आमच्याकडं आहे त्यात मागं जाऊन बदलता येतं. निदान तेवढं तरी पाहिजेच की.”

मी वहीतून मान वर केली. “आपल्यात नाही येत बदलता.”

“कोण म्हणतं?”

“मी म्हणते. सात वर्षं मीच बघते ते.”

“तुमच्या पासवर्डनं येत नसेल, ताई. माझ्या पासवर्डनं येतं.” त्यानं बशीतलं बिस्किट उचलून चहात बुडवलं.

अण्णांनी त्याच्याकडं एकदाच पाहिलं. मग घड्याळ बघितलं आणि फाटकांना म्हणाले, “बरंय. कळवतो आम्ही.”

मी उठून खिडकी उघडली. खोलीत एसी चालू होता, तरी उघडली. काहीतरी करायला हवं होतं, नाहीतर समोरची बशी मी शशांकच्या तोंडावर मारली असती. आणि का मारली हे तिथं बसलेल्या चौघांपैकी फाटक सोडून सगळ्यांना कळलं असतं.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीत नेर्लेकर कास्टिंग्ज नावाचा ओतकामाचा कारखाना होता. मी, शैलजा मगदूम, तिथं प्लॅनिंग बघायचे. पॅकिंगला लागले होते आणि चौदा वर्षांत प्लॅनिंगपर्यंत चढले होते. मालक वसंतराव नेर्लेकर, त्यांना अख्खा कारखाना अण्णा म्हणायचा. शशांक त्यांच्या बहिणीचा मुलगा आणि आमचा वर्क्स मॅनेजर.

कारखाना चार वर्षांत तिप्पट झाला होता. एकाच्या तीन भट्ट्या झाल्या होत्या, साठ माणसांची दोनशे झाली होती. पण कच्चा माल एका फाइलीत, उत्पादन दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये, तपासणी तिसऱ्यात. गिऱ्हाइकानं फोन करून विचारलं, आमचा माल कुठंवर आलाय, तर तीन माणसं तीन उत्तरं द्यायची. म्हणून ईआरपी घ्यायचं ठरलं, म्हणजे सगळ्या खात्यांचं काम एकाच सॉफ्टवेअरमध्ये. निवड करायचं काम अण्णांनी माझ्यावर सोपवलं. मला त्याचा केवढा अभिमान होता! चार महिने मी प्रत्येक खात्यात जाऊन बसले. भट्टीवाल्यांना काय हवं, डिस्पॅचला काय हवं, स्टोअरच्या कांबळेकाकांना चष्म्याशिवाय दिसेल असं अक्षर हवं, सगळं लिहून काढलं. सात कंपन्या बघितल्या. पुण्याची एक मोठी कंपनी आणि फाटकांची सांगलीतली लहानशी, अशा दोन उरल्या होत्या. पुणेवाल्यांचं दिसायला देखणं होतं. फाटकांचं आमच्या कामाला बसणारं होतं. माझा अहवाल जवळजवळ लिहून झाला होता.

आणि शशांकनं ते वाक्य टाकलं.

जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडला नाही. मला दस्तगीर मुल्ला आठवत होते.

दस्तगीरभाई आमच्याकडं माल तपासायचे. बावीस वर्षं. ओतकाम झालेला हब, म्हणजे ट्रॉलीच्या चाकाच्या मधला लोखंडी भाग, साखळीला टांगायचा आणि लहान हातोडीनं टिचकी मारायची. चांगला असेल तर देवळातल्या घंटेसारखा वाजतो. आत चीर असेल तर बद्द आवाज येतो. मी नवीन होते तेव्हा त्यांनीच मला ते ऐकायला शिकवलं. “डोळं मिटा ताई,” म्हणायचे, “लोखंडाला खोटं बोलता येत नाही.”

भट्टीतून एका वेळी जेवढं लोखंड ओततात त्याला हीट म्हणतात आणि प्रत्येक हीटला नंबर असतो. त्या मीटिंगच्या तीन वर्षं आधी बावीसशे सतरा नंबरच्या हीटचे हब चिकोडीकडच्या एका ट्रॉली बनवणाऱ्याला गेले. दोन महिन्यांनी उसानं भरलेल्या ट्रॉलीचा हब उतारावर फुटला, चाक निखळलं आणि ट्रॉली उलटली. रामगोंडा नावाचा ड्रायव्हर खाली सापडला. त्याचा डावा पाय गुडघ्यापासून काढावा लागला.

आमच्या कॉम्प्युटरवर त्या हीटपुढं लिहिलं होतं: पास. तपासणारा, डी. मुल्ला.

“मी रिजेक्ट केलीया ती हीट,” दस्तगीरभाई चौकशीत म्हणाले. “दहातले चार बद्द वाजले. मी माझ्या हातानं रिजेक्टचं बटण दाबलंय.”

चौकशी त्याच मीटिंगच्या खोलीत झाली. अण्णा, शशांक, कंपनीचे वकील, दोन युनियनवाले. मला बोलावलं, कारण कॉम्प्युटरचं मला कळायचं. वकिलांनी एकच प्रश्न विचारला. “केलेली नोंद मागाहून बदलता येते का?”

“नाही,” मी म्हणाले.

“खात्री आहे?”

“शंभर टक्के.”

त्यांनी टाइप करून आणलं आणि मी सही केली. दस्तगीरभाई माझ्याकडं बघत होते. मला वाटलं होतं, माणसाकडून चूक होते, आता वय झालं, चुकून दुसरं बटण दाबलं गेलं असेल. मला त्यांचा राग आला होता हे खरं सांगते. चूक झाली तर कबूल करावी, कॉम्प्युटरवर कशाला ढकलायची, असं वाटलं होतं. महिन्याभरात त्यांना कामावरून काढलं. बेफिकिरीनं एका माणसाचा पाय घालवला, असं नोटिशीत लिहिलं होतं आणि ती नोटीस गेटवर आठ दिवस लावलेली होती.

फाटक येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून सांगलीला गेले. फाटकांचं ऑफिस गणपती पेठेत एका औषधाच्या दुकानाच्या वर होतं. जुनी माहिती नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणायला किती काम पडेल हे बघायला त्यांनी आमच्या प्रोग्रॅमची प्रत आधीच नेलेली होती, अण्णांच्याच परवानगीनं.

“एका हीटचं बघायचंय,” मी म्हणाले. “कुणी बदललं असेल तर कळतं का?”

“पडद्यावर नाही कळत. पण ज्यानं प्रोग्रॅम बनवला त्यानं मागं खूण ठेवलेली असते. बहुतेक जण ठेवतात.” त्यांनी चष्मा पुसला. “कुठली हीट?”

मी नंबर सांगितला. पाचच मिनिटं लागली. पाच मिनिटांचं काम होतं ते! तीन वर्षांत कधीही कुणालाही विचारलं असतं तरी झालं असतं.

फाटकांनी पडदा माझ्याकडं वळवला. अकरा नोव्हेंबर, दुपारी चार वाजून दहा मिनिटं, डी. मुल्ला: रिजेक्ट. त्याखाली बारा नोव्हेंबर, सकाळी नऊ पस्तीस: पास. बदल करणारा, एस. इंगवले. आणि बारा तारखेलाच अकरा वाजता माल गेला होता. हा बदल अपघातानंतर कुणाला वाचवायला केलेला नव्हता. गाडी भरून द्यायची होती, हब कमी पडत होते, म्हणून चिरलेले हब चांगले म्हणून लिहिले होते.

“छापून द्या,” मी म्हणाले.

“मगदूमबाई, मी तुम्हाला माल विकायला आलेला माणूस आहे.”

“म्हणूनच द्या. तुमचं सॉफ्टवेअर का घ्यायचं, हे मला अहवालात लिहायचंय.”

मग त्यांनी कागद छापला, खाली तारीख घालून स्वतःची सही केली. “विचारलं तर मी सांगेन,” म्हणाले. “पण तुमची ऑर्डर गेली माझी.”

“गेली,” मी म्हणाले.

त्या दिवशी बसमध्ये मी दात एवढे आवळून बसले होते की उतरताना जबडा दुखत होता. शशांकचा राग होताच. पण तो शशांकच होता, त्याच्याकडून मी कधी काही अपेक्षा केली नव्हती. अण्णांकडून केली होती.

सकाळी दहाला मी त्यांच्या केबिनमध्ये गेले आणि कागद समोर ठेवला. त्यांनी वाचला. चष्मा काढून परत वाचला नाही, कुणाला हाक मारली नाही, “हे काय?” म्हणाले नाहीत. तिथंच मला कळलं.

“तुम्हाला माहीत होतं,” मी म्हणाले.

“बसा, शैलजाताई.”

“कधी कळलं?”

“नंतर कळलं मला. झालं तेव्हा मी बेळगावला होतो.”

“नंतर म्हणजे कधी, अण्णा?”

त्यांनी कागदाची घडी घातली. “अपघातानंतर.”

“चौकशीच्या आधी की नंतर?”

बाहेर क्रेनचा भोंगा वाजत होता. तो थांबेपर्यंत अण्णा थांबले. “आधी,” म्हणाले.

“म्हणजे माझी सही घेतलीत तेव्हा तुम्हाला माहीत होतं.”

“तुम्ही खोटं बोलला नव्हता. तुम्हाला वाटत होतं तेच तुम्ही सांगितलंत.”

“म्हणून तर मला बोलावलंत! खोटं बोलणारी चालली नसती तुम्हाला. खरं वाटून बोलणारी पाहिजे होती.”

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, “दोनशे घरं चालतात या कारखान्यावर. वर्क्स मॅनेजरनं माल असा सोडला हे बाहेर गेलं असतं, तर एक गिऱ्हाईक उभं राहिलं नसतं. मी काय करायचं होतं, सांगा.”

“दोनशे एकावं घर दस्तगीरभाईंचं होतं.”

“त्याला मी दुसरीकडं काम बघून देणार होतो. तोच कोर्टात गेला.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “हे बघा. नवीन सॉफ्टवेअर आलं की एक मोठं खातं होईल. ते तुमच्याकडं देतो. मॅनेजर म्हणून, सही-शिक्क्यासह. शशांकला त्यात हात घालू देणार नाही, शब्द आहे माझा. अहवालात तेवढं पुणेवाल्यांचं नाव घाला.”

“पुणेवाल्यांच्यात पुसता येतं म्हणून?”

“त्यांचं सोयीचं आहे.”

मी कागद उचलला. “याच्या मी झेरॉक्स काढल्यात,” म्हणाले आणि बाहेर आले. काढल्या नव्हत्या. जाऊन ताबडतोब काढल्या.

दस्तगीरभाई रुकडीत मेव्हण्याच्या वेल्डिंगच्या दुकानात काम करत होते. मी रविवारी गेले. ते एका लोखंडी गेटला पाय लावून बसले होते. केस पार पांढरे झाले होते. मला बघून उठले नाहीत. पूर्वी ते मला ताई म्हणायचे.

“बोला मॅडम.”

मी कागद दिला. त्यांनी तो लांब धरून वाचला, ओठ हलवत. मग आत बघून हाक मारली, “हसीना, बाहेर ये.” त्यांची बायको पदराला हात पुसत आली. “हे वाच. मोठ्यानं वाच.”

तिनं वाचलं. अकरा नोव्हेंबर, दुपारी चार दहा, रिजेक्ट. वाचताना तिचा आवाज फाटला. दस्तगीरभाई म्हणाले, “हिनंबी मला इचारलं होतं. एकदाच. म्हणाली, चुकून दाबलं तर नसेल बटण? घरातल्या बाईला असं इचारावं वाटलं. का? मगदूमबाईनं सांगितलंय म्हणून. शिकलेली बाई हाय, खोटं बोलायची न्हाई म्हणून.”

“दस्तगीरभाई, मला माहीत नव्हतं.”

“मग म्हणायचं हुतं की, माहीत न्हाई! एवढं अवघड हुतं?” ते उभे राहिले. पेटलेला माणूस एवढ्या जवळून मी त्याआधी पाहिला नव्हता. “शशांकला मी वळखून हाय. मालक भाच्याचं बघणार, हेबी समजतं. पण तुम्ही? तुमच्या बोलण्यावर माझी नोकरी गेली. कॉम्प्युटरवर न्हाई, तुमच्या बोलण्यावर! एकदा माझ्याकडं येऊन इचारलं असतं, भाई काय झालं? एकदा? मशिदीत माणसं माझ्यापासनं सरकून बसायची, लंगडा केलेल्या माणसाचं पाप हाय याच्यावर म्हणून.”

मला म्हणायचं होतं की मी माफी मागते. पण त्या गरम लोखंडाच्या वासात तो शब्द फार स्वस्त वाटला.

“मला हा कागद नको,” ते म्हणाले. “माझ्या वकिलाला द्या. आणि मला येऊन सांगू नका. जिथं बसून बोललात तिथं सांगा. त्याच माणसांच्या पुढं.”

निवडीची मीटिंग बुधवारी होती. अण्णा, शशांक, तेच वकील, कारण करार बघायचा होता, चारही खात्यांचे प्रमुख आणि पुण्याच्या कंपनीचे दोघं टाय लावलेले. अण्णांनी मला अहवाल वाचायला सांगितला. त्यांना अजूनही वाटत होतं की मी मॅनेजर होणार.

मी उभी राहून वाचला. भट्टी, स्टोअर, डिस्पॅच, सगळं ओळीनं. मग म्हणाले, “आता निवडीचं मुख्य कारण. आपल्याला असं सॉफ्टवेअर पाहिजे ज्यात वर्क्स मॅनेजरला रिजेक्ट झालेला माल पास करता येणार नाही. कारण आपल्या वर्क्स मॅनेजरनं तसं केलंय.” आणि हीटचा नंबर, दोन्ही तारखा, दोन्ही वेळा, दोन्ही नावं वाचली.

“ए, बंद करा हे!” शशांक उठला. “पुण्याचे पाहुणे बसलेत इथं.”

“बसू देत. त्यांनाही कळू दे, त्यांचं सॉफ्टवेअर तुम्हाला का आवडलं ते.”

“तुमचं डोकं फिरलंय.”

“तीन वर्षं फिरलेलंच होतं. याच खोलीत मी सांगितलं होतं, नोंद बदलता येत नाही म्हणून. ते चुकीचं होतं. दस्तगीर मुल्लांनी हीट रिजेक्ट केली होती. ती तुम्ही पास केलीत, रामगोंडाचा पाय तुम्ही घालवलात आणि नोटीस त्यांच्या नावाची लावलीत!” मी ओरडत होते. आयुष्यात ऑफिसमध्ये मी कधी आवाज चढवला नव्हता. काचेपलीकडं माणसं काम टाकून बघत होती. वकील कागद गोळा करायला लागले. कांबळेकाका मान खाली घालून बसले होते. ते म्हणाले, “मला ठाऊक हुतं ओ, ताई. शशांकसाहेबांनीच हब बाहेर काढायला लावले हुते.”

“मग तेव्हा का नाही बोललात?”

मी तरी कुठल्या तोंडानं विचारत होते!

अण्णा एवढंच म्हणाले, “शैलजाताई, तुम्ही घरी जा.” मी गेले. संध्याकाळी शिपाई माझा डबा आणि खुर्चीवरची उशी घरी आणून देऊन गेला. सोबत पत्र होतं, कंपनीची गुप्त माहिती बाहेर नेल्याबद्दल मला कामावरून काढल्याचं. मी कोर्टात गेले नाही. इचलकरंजीत एका यंत्रमागाच्या भागांच्या लहान कारखान्यात लागले, कमी पगारावर. घरचे म्हणाले, काय मिळवलंस? मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

कामगार न्यायालयात माझी साक्ष व्हायला पावणेदोन वर्षं गेली. समोर तेच वकील. पिंजऱ्यात उभी राहिले तेव्हा त्यांनी माझं जुनं निवेदन दाखवलं.

“ही सही तुमची?”

“माझी.”

“यात तुम्ही शंभर टक्के खात्री आहे म्हणालात. आज बरोबर उलटं सांगताय. मग खोटं तेव्हा बोललात की आज बोलताय?”

दस्तगीरभाईंचे वकील उठायला लागले, मी त्यांना हातानंच थांबवलं.

“तेव्हा,” मी म्हणाले.

वकिलांना हे उत्तर अपेक्षित नव्हतं. “म्हणजे तुम्ही जाणूनबुजून...”

“मला माहीत नव्हतं. आणि माहीत नसताना मी खात्री आहे म्हणून सही केली. तुम्हीच टाइप करून आणलं होतं, साहेब. बदलता येतं का हे तपासून बघा, असं मला तुम्ही म्हणाला नाहीत आणि मीही तपासलं नाही. एका माणसाच्या बावीस वर्षांपेक्षा मला माझ्या कॉम्प्युटरचा जास्त भरवसा वाटला. लिहून घ्या हे.”

न्यायाधीशबाईंनी लिहून घ्यायला सांगितलं. त्यानंतर फाटक आले. शब्द दिल्याप्रमाणे स्वतःच्या खर्चानं सांगलीहून आले आणि पाच मिनिटांत सगळं सांगून गेले. कांबळेकाकांना बोलावलं होतं. ते आले नाहीत.

आणखी आठ महिन्यांनी निकाल लागला. दस्तगीर मुल्लांना मागच्या सेवेसकट कामावर परत घ्या आणि त्यांच्या नावाची नोटीस चुकीची होती असं लेखी लावा. तसं पत्र गेटवर लागलं, पण दोनच दिवस, असं मला कुणीतरी सांगितलं. रामगोंडाच्या वकिलालाही मी कागदांची प्रत पाठवली होती. त्याचा दावा कुठं अडकला ते मला कधी नीट कळलं नाही. कंपनीनं पुणेवाल्यांचंच सॉफ्टवेअर घेतलं. शशांक आज डायरेक्टर आहे. वर्तमानपत्रात उद्योजक म्हणून फोटो येतो त्याचा, आणि मी अजूनही त्या दिवशीचा पेपर घरात ठेवत नाही.

निकालानंतर पंधरा दिवसांनी एका दुपारी फोन वाजला.

“मॅडम, दस्तगीर बोलतोय.”

“बोला, दस्तगीरभाई.”

“आज ड्यूटीवर गेलो हुतो.”

“कसं झालं?”

“एक हीट हुती तपासायला. साठ हब. सगळे वाजवून बघितले, एकबी सोडला न्हाई. शशांकसाहेब लांब उभा राहून बघत हुता. त्याला वाटलं, आता हा मुद्दाम सगळं रिजेक्ट करणार.”

“केलंत?”

“कशाला? माल चांगला हुता. पास केला. माझ्या नावानं. आणि मग राजीनामा दिला.”

“अहो, पण का? एवढं लढून मिळालं होतं...”

“बावीस वर्षं काम केलं, शेवटचा दिवस मी ठरवायचा हुता. त्यांनी ठरवला हुता. तेवढंच परत घ्यायचं हुतं.”

पलीकडं वेल्डिंगचा चर्र आवाज आला. ते दुकानातूनच बोलत होते. मला वाटलं, आता ते मला माफ केलं म्हणतील, आणि ते ऐकायची माझी लायकी नाही हेही मला माहीत होतं.

“तुम्हाला फोन करणार नव्हतो मी,” ते म्हणाले. “राग हाय अजून. हसीना म्हणाली, त्या कोर्टात उभ्या राहिल्या, त्यांना सांगायला पाहिजे. म्हणून केला.”

“बरं केलंत.”

“ठेवतो,” म्हणाले आणि फोन ठेवला.